बालवाडीचे दट्टे पावसाळ्यात का अडकतात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लाकडी खेळण्यांविषयी आणि बालवाडीच्या लाकडी साहित्याविषयी अलीकडे बरेच चांगले छापून येते. प्लॅस्टिक नको, लाकूड हवे, तेही इथे बनलेले, असे पालक म्हणतात आणि शाळाही म्हणतात. वाचून मला मनापासून बरे वाटते, कारण त्या साहित्यातले गोल तुकडे कातणे हाच आमच्या घराचा धंदा आहे. मणी, चाके, सोंगट्या, ड्रॉवरचे नॉब, कानशीच्या मुठी, तबल्याचे गट्टे आणि बालवाडीच्या दट्टापेटीतले दट्टे. पुरते खेळणे आम्ही बनवत नाही. त्याचे सुटे भाग बनवतो, आणि तेही हजारांच्या हिशेबात. या सगळ्या कौतुकात लाकडातल्या पाण्याचा विषय मी अजून कुठे वाचलेला नाही. माझ्यासारख्या लहान खरादवाल्यांना, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्यांना, भाड्याने वापरता येईल अशी लाकूड वाळवायची सामायिक भट्टी पुण्यात व्हावी, एवढी मागणी करायला हे पत्र लिहीत आहे. तिच्यामागचे कारण मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल.

दट्टापेटी ज्यांनी हाताळली नसेल त्यांच्यासाठी आधी तिच्याविषयी. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात ओळीने दहा खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात वर छोटी मूठ असलेला एकेक दट्ट्या बसतो. अशा चार पेट्या, म्हणजे चाळीस दट्टे. एका पेटीत उंची तीच राहून जाडी बदलत जाते, एकीत जाडी तीच राहून उंची, उरलेल्या दोन पेट्यांत दोन्ही. तीन-साडेतीन वर्षांचे मूल सगळे दट्टे काढते, सतरंजीवर मिसळते आणि एकेक करून परत बसवते. एखादा चुकीच्या खळग्यात गेला, तर शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि त्याला जागा नसते. ताईंना काही सांगावे लागत नाही. मूल आपले आपण मागे जाऊन शोधते. मारिया माँटेसरींच्या पद्धतीचा हा गाभा आहे. त्या स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या, पण त्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचा नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला होता. ताराबाईंनी पुढे बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हे शिक्षण गरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांपर्यंत नेले, आणि महागड्या साहित्यावाचून अडू नये म्हणून आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साहित्य उभे केले. आमच्याकडून दट्टे नेणाऱ्या बालवाड्यांमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतात.

आता हाच दट्ट्या आपल्या स्वतःच्या खळग्यात जाईना, किंवा गेलेला निघेना, तर काय होईल? मुलाने बरोबर जागा शोधलेली असते, तरी दट्ट्या आत जात नाही, आणि मूल समजते की आपले चुकले. ज्या साहित्याने त्याला स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवायला शिकवायचे, तेच त्याला खोटे सांगते. मला या धंद्यात सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे. नफा-तोटा नंतरचा.

असे का होते ते सांगते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, जाडी-रुंदीत बदलते. त्यातही वलयांच्या कडेने जेवढे फुगते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे फुगते. म्हणून ओल्या लाकडातून अगदी गोल कातलेला तुकडा वाळल्यावर लंबगोल होतो. दट्टापेटीतला सर्वांत जाड दट्ट्या ५५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो बीच नावाच्या विदेशी लाकडाचा असेल आणि त्याच्यातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर एका अंगाने तो सुमारे ०.९ मिलिमीटर फुगतो आणि दुसऱ्या अंगाने त्याच्या निम्मा. खळग्यात आम्ही मोकळीक ठेवतो अर्ध्या मिलिमीटरची. त्याहून जास्त ठेवली तर दट्टे खुळखुळतात आणि खेळाची मजा जाते.

इथे कुणी हमखास विचारते, ठोकळाही लाकडाचाच ना, तोही फुगेल आणि खळगाही मोठा होईल. तसे होत नाही. ठोकळ्यात लाकडाची रेषा पेटीच्या लांबीने आडवी धावते, दट्ट्यात ती उभी असते. दट्ट्या सगळ्या बाजूंनी फुगतो. खळगा मात्र पेटीच्या लांबीच्या दिशेने आहे तेवढाच राहतो, आणि नेमका त्या दोन बाजूंना दट्ट्या धरला जातो. अडकणाऱ्या दट्ट्यावरच्या घासल्याच्या खुणा पाहा, त्या समोरासमोर दोनच जागी दिसतील. हल्ली ठोकळे एमडीएफचे (दाबून केलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचे) किंवा प्लायवुडचेही येतात. तिथे तर खळगा कुठल्याच बाजूने फारसा हलत नाही.

लाकडात किती पाणी राहणार हे शेवटी हवा ठरवते. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड सहा टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० टक्के असेल तर सोळाच्या आसपास. म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या लाकडामागे एकदा सहा ग्रॅम पाणी, एकदा सोळा. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी आणि जुलैतल्या झडीच्या दिवसांत आर्द्रतेचा एवढा फरक सहज असतो. त्यामुळे मेमध्ये कातलेला माल जुलैत अडकतो आणि जुलैत कातलेला मार्चमध्ये सैल पडतो. आणि शाळा उघडतात जूनच्या मध्यावर! ऑर्डर हातात पडते एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, माल द्यायचा असतो शाळेची घंटा वाजण्याआधी. वर्षातले सर्वांत कोरडे लाकूड घेऊन आम्ही माल कातायचा आणि वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत तो मुलांच्या हातात पडायचा, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. शहरातल्या एका संस्थेने आमचे दट्टे ऑगस्टमध्ये परत पाठवले. माप तपासायच्या गेजमधून तपासून दिलेला तोच माल दिवाळीनंतर मी त्यांच्याच पेट्यांत बसवून दाखवला, तो बरोबर बसला. पैसे मिळाले, पण बालवाडीचे पहिले सत्र त्या मुलांना पेटीशिवाय काढावे लागले.

‘लाकडी वस्तू’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पटाशी धरून बसलेला एकटा कारागीर येतो. तसे कामही आहे आणि त्याचा मला आदर आहे, पण हजारांनी माल काढायचा तर रीत वेगळी. फळ्या आल्या की गाठी, चिरा, वाकडी रेषा खडूने खुणावून बाजूला काढतात. उरलेल्याच्या चौरस पट्ट्या पाडतात. पट्टी डॉवेल मशीनच्या फिरत्या मुंडक्यात घातली की पलीकडून गोल दांडी बाहेर पडते. ती दांडी खरादाच्या पोकळ हेडमधून पुढे येऊन स्टॉपला टेकते, एक पाते आत येते, आणि त्या पात्याला वस्तूच्या घाटाचा उलटा आकार दिलेला असल्यामुळे मान, पोट, कड सगळे एका दमात उतरते. दुसरे पाते तुकडा कापून टोपलीत पाडते. हे सगळे काही सेकंदांचे काम. मग तुकडे ड्रममध्ये काचकागदाच्या तुकड्यांबरोबर फिरतात, त्यानंतर मेणाच्या खड्यांबरोबर, आणि शेवटी निवडायला बायकांच्या टेबलावर येतात.

खरी कारागिरी त्या काही सेकंदांच्या आधी आहे. पात्याचा घाट घासायला आणि मशीनवर बसवायला अर्धा दिवस जातो, कधी अख्खा. पन्नास नॉब हवे असले तरी तेवढाच वेळ आणि पाच हजार हवे असले तरी तेवढाच. म्हणून पन्नास नॉबचा भाव ऐकून गिऱ्हाईक दचकते. पाते बोथट झाले की ते कापायच्या ऐवजी रेटू लागते, तंतू उपटले जातात आणि माप केसाकेसाने वाढत जाते. आमच्याकडच्या जुन्या कारागिरांचे, ज्यांना सगळे मामा म्हणतात त्यांचे, सांगणे असे की नजर वस्तूवर नको, खाली पडणाऱ्या ढलपीवर हवी. ढलपी तुटून पूड पडायला लागली की पाते उतरवायचे. प्रत्येक टोपलीतले चार-पाच तुकडे दोन भोकांच्या गेजमधून काढतो: एका भोकातून तुकडा गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. एवढी काळजी घेऊन तयार झालेला माल लाकडातल्या पाण्याने बिघडला की जीव हळहळतो. ओल्या लाकडाचा त्रास कातताना सुरू होतोच. ड्रममध्ये ते गुळगुळीत होत नाही, त्यावर लव उभी राहते, आणि काचकागद लगेच भरून जातो.

लाकूड वाया किती जाते याचाही हिशेब मांडते, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. २५ मिलिमीटर जाडीचा आणि ३० मिलिमीटर लांबीचा साधा नॉब घ्या. त्याला २८ मिलिमीटरची चौरस पट्टी लागते, करवत आणखी ३ मिलिमीटर खाते, म्हणजे फळीतला ३१ गुणिले ३१, ९६१ चौरस मिलिमीटरचा भाग. त्यातून निघणारे वर्तुळ ४९१ चौरस मिलिमीटरचे. इथेच जवळपास निम्मे गेले. दोन नॉबमधली कापणाऱ्या पात्याची ३ मिलिमीटरची फट धरली की वस्तूत उरते सुमारे ४६ टक्के. गाठी आणि चिरा त्याहून वेगळ्या. आमच्या गाळ्यातून रोज पोती भरून भुसा आणि ढलप्या बाहेर जातात.

माझे सासरे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागे खराद चालवायचे. त्या काळी हेदू आणि कळंब मिळत असे. दोन्ही बारीक रेषेची, खरादावर लोण्यासारखी कापली जाणारी लाकडे. मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी ते बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळायची रिळे, कातत. दादांकडे भट्टी नव्हती, पण माळा होता. पट्ट्या पाडून, टोकांना मेण लावून, मधे काड्या घालून ते पत्र्याखाली रचून ठेवत आणि वर्ष उलटल्याशिवाय खाली काढत नसत. गिरण्यांची मागणी ठरलेली असे, त्यामुळे पुढच्या वर्षाचे लाकूड आज विकत घेऊन ठेवणे त्यांना जमत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि बॉबिनच्या ऑर्डरी थांबल्या. पुढे गिरण्याही गेल्या आणि बॉबिनही प्लॅस्टिकचे झाले. पेठेतली जागा सोडून आम्ही धायरीला गाळा भाड्याने घेतला. तिथे माळा नाही. वर्षभर लाकूड रचून ठेवायला जागेचे भाडे परवडत नाही आणि तेवढे पैसे अडकवणेही परवडत नाही. दादांचा जो वेळ होता तो आज कुठल्याच लहान खरादवाल्याकडे नाही, म्हणून भट्टीची गरज आहे. ३० मिलिमीटरच्या पट्ट्यांना उघड्यावर जिथे महिने लागतात, तिथे भट्टीत काही आठवड्यांत काम होते.

‘वाळलेलेच लाकूड विकत घ्या की’ हा सल्ला मला नेहमी मिळतो. आम्ही घेतोच. केरळचे रबरवुड बहुतेक भट्टीतूनच येते, कारण ते ताबडतोब औषधात बुडवून वाळवले नाही तर त्याला कीड लागते आणि निळी बुरशी धरते. पण भट्टीतून निघालेले लाकूडही पुन्हा पाणी पिते. ट्रकमधून भिजत आलेले आणि गोदामात जुलैभर पडून राहिलेले लाकूड ऑगस्टमध्ये ओलावा मोजायच्या मीटरवर चौदा-पंधरा टक्के दाखवते, बिलावर मात्र दहा टक्के लिहिलेले असते. दुसरा सल्ला सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारे, मशीन घ्यायचा. सीएनसी खराद उत्तम यंत्र आहे, मिलिमीटरच्या दहाव्या भागात माप धरते. पण त्याने धरलेले माप लाकूड दोन आठवडेही धरून ठेवणार नसेल, तर एवढ्या महागड्या अचूकतेचे करायचे काय?

लाकूड वाळवणे हा या उत्पादनाचाच भाग आहे, ही गोष्ट जगात जिथे जिथे बारीक कातकाम मोठ्या प्रमाणावर झाले तिथे कळलेली होती. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्टॉट पार्क नावाचा बॉबिनचा कारखाना १८३५ मध्ये उभा राहिला आणि १९७१ पर्यंत चालला. आता तो संग्रहालय म्हणून जपला आहे. भरभराटीच्या काळात तिथून आठवड्याला अडीच लाख बॉबिन कापडगिरण्यांना जात. त्यांचा क्रम पाहण्यासारखा होता. लाकडाचे ठोकळे आधी ओबडधोबड घडवायचे, मग वाळवणीच्या खोलीत ठेवायचे, आणि पूर्ण वाळल्यावरच खरादावर शेवटचा हात द्यायचा. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर चालायचा कारखान्यातल्याच ढलप्यांवर. आणि शेवटी बॉबिन मेणाबरोबर पिंपात फिरवून चकचकीत करायचे, जे आम्ही आजही करतो. हे वाचले तेव्हा मला दादांची फार आठवण आली. त्यांना हे सगळे दाखवायला हवे होते.

ओले लाकूड सरसकट वाईट असे मी म्हणणार नाही. जर्मनीत झायफेन नावाचे गाव आहे. तिथले कारागीर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या ओंडक्याची चकती खरादावर लावून तिचे एक कडे कातून काढतात. कड्यावरच्या खाचा-उंचवट्यांकडे पाहून काही कळत नाही. मग ते कडे केकसारखे फोडले की प्रत्येक फोडीच्या अंगात घोड्याची नाहीतर गायीची आकृती निघते. एका कड्यातून डझनांनी जनावरे! ओले लाकूड मऊ कापले जाते आणि नीट फुटते म्हणून तिथे ते मुद्दाम ओले ठेवतात. त्या जनावराला कुठल्या खळग्यात बसायचे नसते, त्यामुळे वाळून थोडे आकसले तरी बिघडत नाही. तुळशीच्या माळेच्या मण्याचेही तसेच. त्याला दोऱ्यात ओवायचे असते. आणि आपल्या शेजारी कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याचे लाकूड वाळवून घेऊन मग कातायला घेतात, फिरत्या खरादावरच लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात. तिथल्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे लाकडातले पाणी किती हवे ते ठरते. आमच्या कामाला ते दहा टक्क्यांच्या आसपास हवे, कारण पुण्याच्या वर्षभराच्या चढ-उताराच्या मधोमध तो आकडा येतो. तिथून सुरुवात केली, वर पॉलिशचा हात नीट बसला, की पावसाळ्यातले फुगणे आणि उन्हाळ्यातले आकसणे दोन्ही बहुतेक वेळा मोकळिकीच्या आत राहतात.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, ते योग्यच झाले. त्या तपासणीत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून सुटणारा कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, कारण तो मुलाच्या घशात अडकू शकतो. आता ओल्या लाकडाच्या खुंटीवर डिंकाने बसवलेले चाक किंवा मूठ घ्या. तपासणीच्या दिवशी ती घट्ट असते. मार्च-एप्रिलमध्ये खुंटी आकसते, जोड सुटतो, आणि कागदावर पास झालेले खेळणे मुलाच्या हातात सुटे होते.

मागणी आता खरोखर आली आहे, म्हणून हे सगळे आत्ताच लिहिणे भाग आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाला खेळाचा पाया दिला आणि २०२३ मध्ये त्याच वयासाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी आणि शिक्षण-साहित्याचा सरकारी संच आला. बाहेरचा माल महाग झाला, आतली गरज वाढली. अशा वेळी इथला माल पावसाळ्यात अडकतो आणि उन्हाळ्यात सुटतो असा अनुभव शाळांना एकदा आला, की त्या पुन्हा प्लॅस्टिककडे जातील, आणि मी त्यांना दोष देऊ शकणार नाही.

भट्टी कशी हवी, तेही सांगते. एक मोठी नको, लहान-लहान तीन-चार कप्पे हवेत, कारण बीच आणि रबरवुड, जाड आणि बारीक, एकत्र वाळवता येत नाहीत. सर्वांत हळू वाळणाऱ्या लाकडाच्या वेगाने सगळ्यांना थांबावे लागते. भट्टीला लागून एक कोरडी खोली हवी, जिथे हवेतली आर्द्रता वर्षभर एकाच पातळीवर ठेवता येईल, म्हणजे वाळलेले लाकूड आणि कातलेला माल दोन्ही पावसाळ्यात तिथे ठेवता येतील. आणि लाकडाचा तुकडा तोलून, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून, पुन्हा तोलून ओलाव्याचा दाखला देणारी छोटी प्रयोगशाळा. शाळेने माल परत केला तर भांडायला दोन्ही बाजूंना एक आकडा असेल. जळण आमच्याकडेच आहे. वर हिशेब दिला आहे. धुराची काळजी वाटत असेल तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने सौर भट्टीचे आराखडे केलेले आहेत, पावसाळ्यापुरता आधार जळणाचा घेता येईल. जागा मात्र पेठांत नको. टिंबर मार्केटच्या गल्ल्या अरुंद आहेत, सगळीकडे लाकूडच लाकूड आहे, तिथे आणखी एक आग ठेवू नये. शिवाय ज्येष्ठात पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा ट्रक आत येऊ शकत नाही, आणि येऊही नये. नेमका तोच आमचा माल पोचवायचा काळ असतो. धायरी, नऱ्हे किंवा भोसरीकडे एखादी शेड पुरेल.

पैशाची वाट नाही असेही नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला केंद्र सरकार अनुदान देते. पण त्यासाठी उद्योजकांची एकत्र संस्था लागते, प्रकल्प अहवाल लागतो. चार माणसांचे वर्कशॉप चालवणाऱ्याला ते एकट्याने जमत नाही. म्हणून जिल्हा उद्योग केंद्राला आणि मराठा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेला माझी विनंती आहे की त्यांनी शहरातल्या आणि आसपासच्या लाकूड-खरादवाल्यांची एक बैठक बोलवावी. आम्ही विखुरलेले आहोत, कोण धायरीत, कोण भोसरीत, कोण अजून पेठेत, आणि आमची संघटना नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनंती आहे की भट्टीचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज मुलांना प्रकल्प म्हणून द्यावा. लागेल ती माहिती आणि लाकूड आम्ही देऊ.

त्याच शेडमध्ये धूळ ओढणाऱ्या यंत्रणेचे एक नमुन्याचे टेबलही असावे, असे मला वाटते. लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. आमच्याकडे पंखे आणि मास्क आहेत, तेवढे पुरत नाहीत. आणि आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे तो लोखंडाचा. लाकडाचे पाते घासायला मामांसारख्या माणसांकडून शिकायचे असेल तर ती शेड हीच शाळा होऊ शकेल. या दोन्ही विषयांवर स्वतंत्रपणे लिहिता येईल, इथे एवढेच.

शाळांना आणि बालवाड्यांना दोन गोष्टी आजच करता येतील, त्याला भट्टीची वाट पाहायला नको. ऑर्डर मेमध्ये न देता जानेवारीत द्या. मग लाकूड निवडायला, थोडे थांबवायला आणि कातल्यावर महिनाभर ठेवून पुन्हा तपासायला आम्हाला वेळ मिळेल. आणि मागणीपत्रात व्यासाबरोबर लाकडाचा ओलावाही लिहा: ‘कातताना नऊ ते अकरा टक्के’. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देण्याची पद्धत तुम्ही बदलू शकणार नाही हे मला माहीत आहे, पण ती एक ओळ असेल तर निदान सगळे दर एकाच मालाचे असतील. पेट्या आल्यावर पहिल्या पावसाळ्यात त्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, कपाटात ठेवा. दट्टे अडकू लागले तर काचकागदाने घासू नका. घासलेला दट्ट्या मार्चमध्ये कायमचा सैल होतो. आम्हाला कळवा, आम्ही येऊन पाहू.

गोदामातल्या लाकडाचा ओलावा आणि हवेतली आर्द्रता यांची नोंद मी वहीत ठेवत आले आहे. भट्टीचा अहवाल करणाऱ्या कुणालाही ती वही मी द्यायला तयार आहे. भट्टी झाली तर आमच्या वर्कशॉपच्या वाट्याचे पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ भरायचीही माझी तयारी आहे, आणि माझ्या ओळखीतले आणखी काही खरादवाले तेच म्हणतात.

आपली,
एक खरादवाली
धायरी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)